नागपुरात चायनाटाऊन नाही, पण चायनीजची गाडी चौकाचौकात आहे

पंधरा दिवसांपूर्वी तर्री पोह्यावर लिहिलं होतं. तेव्हापासून फर्माईश सुरू आहे की भाऊ, आता चायनीजच्या गाड्यांवर लिहा. काहींनी तर याद्याच पाठवल्या. सक्करदरा, मेडिकल चौक, प्रतापनगर, गोकुळपेठ, सदर, मानेवाडा. प्रत्येकाला आपल्या चौकातली गाडीच शहरात एक नंबर वाटते, आणि ते बरोबरच आहे.

पण कुठे काय चांगलं मिळतं याची यादी करायला बसलो आणि वेगळ्याच प्रश्नात अडकलो. कलकत्त्यात चायनाटाऊन आहे. मुंबईत माझगावला एक छोटी वस्ती होती. आपल्याकडे तसं काही नाही. मग हे चायनीज आपल्या चौकात आलं कोणाच्या हातून? आणि ज्यांचं नाव त्या लाल अक्षरांच्या पाटीवर आहे ते चिनी लोक आहेत कुठे?

सुरुवात कलकत्त्यापासून करावी लागते. अठराव्या शतकाच्या अखेरीस टोंग अछी नावाचा एक चिनी व्यापारी तिथे आला. वॉरन हेस्टिंग्जने त्याला बजबजजवळ जमीन दिली. त्याने ऊस लावला, साखर कारखाना काढला आणि चीनमधून मजूर आणले. त्या गावाला आजही अछीपूर म्हणतात. पुढे शहरात टिरेटा बाजार परिसरात चिनी वस्ती झाली. सुतार, चांभार, दातांचे डॉक्टर असे कारागीर लोक. त्यातले हक्का समाजाचे लोक चामडं कमावण्याच्या धंद्यात गेले आणि पूर्वेकडे टांग्रा भागात त्यांच्या टॅनऱ्या उभ्या राहिल्या. आपण गाडीवर 'एक हाफ हक्का' म्हणतो नं, ते हक्का म्हणजे हाच समाज. नूडल्सच्या प्रकाराचं नाव नाही ते, माणसांचं नाव आहे.

टिरेटा बाजारात अजूनही पहाटे रस्त्यावर नाश्ता मांडतात. वाफवलेले बाव, मोमो, माशांच्या गोळ्यांचं सूप. उजाडल्यावर थोड्याच वेळात सगळं संपतं. टांग्राची गोष्ट आणखी निराळी. 1996 मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रदूषणाच्या कारणावरून टॅनऱ्या शहराबाहेर हलवायला सांगितल्या. बऱ्याच कुटुंबांनी मग त्याच जागेत हॉटेलं वाढवली. जिथे कातडी सुकायची तिथे आता चिली चिकन मिळतं.

मुंबईत चिनी आले ते बंदराच्या कामावर, मुख्यतः कँटनकडचे खलाशी. माझगावच्या नवाब टँक रोडवर 1919 मध्ये बांधलेलं त्यांचं सी यूप कून हे मंदिर आजही उभं आहे. चिनी नववर्षाला उरलीसुरली कुटुंबं तिथे जमतात.

आता नकाशा काढा. कलकत्ता एका टोकाला, मुंबई दुसऱ्या टोकाला आणि मधोमध आपण. मुंबईहून रेल्वे नागपुरात आली 1867 मध्ये. 1900 मध्ये नागपूरवरून हावडा आणि मुंबई थेट जोडले गेले. त्या कंपनीचं नावच बंगाल नागपूर रेल्वे. दोन्ही चायनाटाऊनना जोडणारा रूळ आपल्या स्टेशनातून जातो. चिनी माणसं त्या गाडीतून पुढे निघून गेली असतील. त्यांची कढई मात्र इथे उतरली.

उतरली तेव्हा ती बरीचशी देशी झाली होती. मंच्युरियनचंच बघा. मांचुरिया हा चीनच्या ईशान्येचा प्रदेश, आणि तिथल्या कोणाला आपलं मंच्युरियन दाखवलं तर तो ओळखणार नाही. ही भाजी जन्मली मुंबईत. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वाँग 1975 च्या सुमारास क्रिकेट क्लब ऑफ इंडियात स्वयंपाक बघत होते. काहीतरी नवीन द्या अशी फर्माईश आली. त्यांनी आलं, लसूण, हिरवी मिरची घेतली, म्हणजे आपल्याच फोडणीचं सामान, आणि गरम मसाल्याऐवजी सोया सॉस आणि कॉर्नफ्लोर घातलं. चिकनचं मंच्युरियन तयार झालं. 1983 मध्ये त्यांनी मुंबईत चायना गार्डन सुरू केलं. पुढे चिकनच्या जागी कोणीतरी पत्ताकोबीचे गोळे टाकले आणि हा पदार्थ श्रावणातही खाता येऊ लागला. माझ्या मते चायनीजच्या इतिहासातली सर्वांत मोठी क्रांती हीच.

शेजवानचंही तसंच. सिचुआन हा चीनचा प्रांत. मुंबईच्या ताज हॉटेलात 1973 मध्ये गोल्डन ड्रॅगन सुरू झालं तेव्हा त्या तिखट चवीची ओळख श्रीमंतांना झाली. सिचुआनची खरी खूण म्हणजे जीभ बधिर करणारी तिथली मिरी. ती आपल्या गाडीपर्यंत आलीच नाही. गाडीपर्यंत आली लाल मिरची आणि लसूण. आणि ते तर आपल्या घरचंच. भिवापूरच्या मिरचीला जीआय मिळालेला हा जिल्हा, सावजीच्या रश्श्यावर वाढलेली ही जीभ. तिला शेजवान परकं वाटणार कसं? मला तर वाटते की पुण्यात चायनीज रुजायला जितका वेळ लागला असेल त्याच्या अर्ध्यात ते इथे रुजलं असेल. पुणेकरांनी माफ करावं.

अजिनोमोटो हे तर चिनी नावच नाही. किकुनाए इकेदा या जपानी शास्त्रज्ञाने 1908 मध्ये समुद्री शेवाळाच्या सूपातून ती चव शोधली आणि पुढे त्या नावाची कंपनी निघाली. म्हणजे समाजाचं नाव हक्का, पावडर जपानी, भाजी मुंबईची, मिरची आपली, पत्ताकोबी कळमन्याची आणि पाटीवर ड्रॅगन.

2000 नंतर मी पत्रकारितेचा डिप्लोमा करायला नागपुरात आलो, तेव्हापासून या गाड्या बघतो आहे. रात्रीची ड्युटी संपल्यावर उघडं सापडायचं ते एवढंच. तेव्हा बहुतेक गाड्यांवर कढईपाशी नेपाळी पोरगा असायचा. त्याचं नाव काहीही असो, सगळे त्याला बहादूर म्हणायचे. आता कढईवर गोंदिया, बालाघाट, छिंदवाडा, भंडारा इकडची पोरं दिसतात. आधी भांडी घासायची, मग कोबी कापायची, मग राईस परतायचा आणि चार-पाच वर्षांत स्वतःची गाडी टाकायची. आयटीआयची सीट न मिळालेल्या पोरासाठी हा एक कोर्सच आहे, फक्त त्याचं प्रमाणपत्र कोणी देत नाही.

काम सोपं नाही. सकाळी बाजार. दुपारी नूडल्स उकडून, तेल लावून पसरायच्या. कोबी, गाजर किसून मैदा-कॉर्नफ्लोरमध्ये गोळे तळून ठेवायचे. भात मोकळा शिजवून थंड करायचा, कारण गरम भात परतला की गिचका होतो. संध्याकाळी सहापासून रात्री अकरापर्यंत भट्टीसमोर उभं राहायचं. मे महिन्यात नागपुरात भट्टीसमोर उभं राहणं काय असते ते वेगळं सांगायला नको.

चांगली गाडी ओळखायची कशी, हे विचारणाऱ्यांसाठी माझे तीन नियम. कढईतलं तेल बघा, काळं असेल तर पुढे चला. मंच्युरियन जितकं लालभडक तितका रंग जास्त, तिथे ड्राय मागू नका. आणि प्रत्येक ऑर्डरची कोबी वेगळी परतून देतो की सगळं एकत्र करून ठेवतो, ते बघा. जिथे थोडं थांबावं लागते तिथेच खावं.

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. चिनी लोक कुठे गेले?

1962 च्या युद्धात त्यांना उचलण्यात आलं. आसाम, मेघालय, बंगाल इथून भारतीय चिनी कुटुंबं, त्यात म्हातारी माणसं, लहान लेकरं, गाडीत भरून राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेली. सुमारे तीन हजार माणसं. बहुतेकांचा जन्म इथला. कायदाच असा केला होता की आई-बाप किंवा आजी-आजोबांपैकी कोणी चिनी असेल तरी माणूस परका धरता यावा. काही जण 1967 पर्यंत आत होते. सुटून परत आले तर कित्येकांची घरं, दुकानं लिलावात गेलेली. बरेच लोक मग देश सोडून गेले, कॅनडात स्थायिक झाले. आजवर कोणत्याही सरकारने त्यांची अधिकृत माफी मागितलेली नाही.

याचा एक धागा अगदी आपल्या शेजारी येतो. वांग ची नावाचा चिनी सैनिक जानेवारी 1963 मध्ये वाट चुकून भारतात सापडला. सहा-सात वर्षं वेगवेगळ्या तुरुंगांत काढल्यावर 1969 मध्ये त्याला बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीला आणून सोडलं. तिरोडी म्हणजे आपल्या सीमेला लागून, मॅंगनीजच्या खाणीचं गाव. ती खाण ज्या मॉयलची, तिचं मुख्यालय नागपुरात. वांग पीठगिरणीवर कामाला लागला. लोकांनी त्याचं नाव राज बहादूर ठेवलं. लग्न केलं, लेकरं झाली. आपल्या गावी चीनला तो जाऊ शकला थेट फेब्रुवारी 2017 मध्ये, म्हणजे 54 वर्षांनी. गावाने त्याला सांभाळलं. कागदाने सांभाळलं नाही.

आणि उलट दिशेचीही आठवण ठेवा. 1938 मध्ये जपानी आक्रमणाखाली असलेल्या चीनला काँग्रेसने पाच डॉक्टर पाठवले. त्यातले सोलापूरचे डॉ. कोटणीस सगळ्यांना माहीत आहेत. पण त्याच पाचांमध्ये नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर होते, हे आपल्याच शहरात किती जणांना माहीत आहे?

हे सगळं जुनं झालं म्हणाल, तर जून 2020 आठवा. गलवाननंतर आपल्याच महाराष्ट्रातले केंद्रीय मंत्री रामदास आठवले यांनी चायनीज खाण्यावर आणि ते विकणाऱ्या हॉटेलांवर बहिष्काराचं आवाहन केलं होतं. सैनिकांच्या मृत्यूचा राग सगळ्यांनाच होता. पण त्या बहिष्काराने नुकसान बीजिंगचं झालं नसतं, भंडाऱ्याच्या पोराचं आणि कोबी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचं झालं असतं. या सॉसच्या धंद्यातला मोठा ब्रँड चिंग्ज सीक्रेट. तो ज्या कंपनीचा, ती 5,100 कोटी रुपयांना घेण्याचा करार जानेवारी 2024 मध्ये केला टाटांनी. ज्या टाटांनी 1877 मध्ये इथे एम्प्रेस मिल काढली, तेच. आता सांगा, बहिष्कार कोणावर?

राग चेहऱ्यावर निघतो, ही खरी भीती आहे. दर हिवाळ्यात नागपुरात स्वेटर विकायला येणारे तिबेटी आपल्याला दिसतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ नोरग्येलिंग ही त्यांची वसाहत 1972 पासून आहे. ते चीनच्या राजवटीमुळे देश सोडून आलेले लोक, आणि आपण त्यांना काय म्हणतो? चिनी. ईशान्येकडून शिकायला आलेल्या मुलामुलींना रस्त्यावर 'मोमो', 'चिंकी' म्हणून हाका मारतात. 2014 मध्ये दिल्लीत अरुणाचलचा निडो तानिया अशाच टिंगलीवरून झालेल्या मारहाणीनंतर गेला. तो आपल्या पोरांच्या वयाचा होता.

आणि शेवटचा मुद्दा गाडीवाल्याचा. अतिक्रमणवाल्यांची गाडी येते, सिलिंडर जातो, शेगडी जाते, आठवडाभर चूल थंड. पायी चालणाऱ्याला फूटपाथ हवाच, याबद्दल माझं दुमत नाही. सीताबर्डीच्या हॉकर्सचा वाद तर हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलेला आहे. पण 2014 चा पथविक्रेता कायदा दोन्ही बाजूंचा विचार करून झाला आहे. सर्वेक्षण होऊन विक्रीचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला हटवता येत नाही. हलवायचं असेल तर 30 दिवसांची नोटीस लागते. माल जप्त केला तर त्याची यादी विक्रेत्याला द्यावी लागते. मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत द्यावा लागतो. शहर विक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांमधून हवेत आणि त्यात एक तृतीयांश बायका. 50 वर्षांपेक्षा जुना बाजार असेल तर त्याला वारसा बाजार म्हणून हलवण्यापासून संरक्षण आहे.

तुमच्या चौकातल्या गाडीवाल्याला यातलं काही माहीत नसण्याचीच शक्यता जास्त. आज रात्री हाफ राईस खायला गेलात की एवढं त्याला सांगा, जमलं तर हे वाचून दाखवा. आणि शेजारी उभ्या असलेल्या मणिपूरच्या पोरीला कोणी काही बोललं, तर मान खाली घालून नूडल्स खात राहू नका.

तुमची पहिली चायनीजची गाडी कोणती, कोणत्या साली, कढईवर कोण होतं, ते खाली नक्की लिहा. शहराचा हा इतिहास कोणत्याही गॅझेटियरमध्ये सापडणार नाही, तो आपल्यालाच लिहून ठेवावा लागेल.