शुक्रग्राहिका (कीटक)

शुक्रग्राहिका म्हणजे मादी कीटकाच्या जननसंस्थेतील, नराकडून मिळालेले शुक्राणू साठवून ठेवणारी लहान पिशवी होय. तिला शुक्राणुकोश असेही म्हणतात. बहुतेक कीटकांत मीलन आणि अंड्याचे फलन या दोन क्रिया एकाच वेळी घडत नाहीत; त्यांच्यात काही तासांपासून कित्येक वर्षांपर्यंतचे अंतर असू शकते. या काळात शुक्राणू शुक्रग्राहिकेत जिवंत राहतात. त्यामुळे एकदा मीलन झालेली मादी नर जवळ नसतानाही फलित अंडी घालू शकते. सिंधुदुर्गासह कोकणातील आंब्यावरील फळमाशीचे नियंत्रण आणि मधमाशीपालन या दोन्ही बाबतींत ही गोष्ट महत्त्वाची ठरते.

रचना

शुक्रग्राहिका शरीराच्या बाह्यस्तरापासून तयार होते. म्हणून तिच्या आतल्या बाजूस कीटकाच्या त्वचेप्रमाणेच कायटिनयुक्त अस्तर असते. तिचे सामान्यतः तीन भाग असतात : शुक्राणू साठवणारी पिशवी, तिला जननमार्गाशी जोडणारी अरुंद नलिका आणि स्राव पाझरणारी ग्रंथी. शुक्राणूंच्या जतनासाठी या ग्रंथीचा स्राव आवश्यक असतो. शुक्रग्राहिकांची संख्या जातीनुसार बदलते. हिवताप पसरविणाऱ्या ॲनाफिलीस डासाच्या मादीत ती एक असते, तर डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस इजिप्ती डासाच्या मादीत तीन असतात. ड्रॉसोफिला माशीत दोन शुक्रग्राहिकांखेरीज शुक्राणू साठविणारी एक वेटोळी नळीही असते.

कार्य

अंडाशयातून निघालेले अंडे जननमार्गातून खाली येत असताना साठ्यातून थोडे शुक्राणू सोडले जातात. अंड्याच्या कवचावरील सूक्ष्म छिद्रातून शुक्राणू आत शिरतो व फलन होते. अशा रीतीने मीलनाची वेळ आणि अंडी घालण्याची वेळ मादीपुरती वेगळी होते. नर दुर्मीळ असला तरी पिलांसाठी योग्य अन्न मिळेपर्यंत ती थांबू शकते. बहुतेक डासांच्या माद्या आयुष्यात एकदाच मीलन करतात आणि त्याच साठ्यावर अंड्यांचे अनेक घोस घालतात.

मधमाश्या, मुंग्या व वाळवी

मधमाश्यांची राणी तारुण्याच्या आरंभी, थोड्या दिवसांत केलेल्या मीलन-उड्डाणांत अनेक नरांशी मीलन करते. त्यानंतर ती पुन्हा मीलन करीत नाही. युरोपीय मधमाशीच्या राणीची शुक्रग्राहिका सुमारे १ मिलिमीटर व्यासाची असून तीत काही दशलक्ष शुक्राणू मावतात आणि ते काही वर्षे पुरतात. शुक्राणू मिळालेल्या अंड्यापासून मादी, म्हणजे कामकरी किंवा राणी, जन्मते. न मिळालेल्या अंड्यापासून नर जन्मतो. अफलित अंड्यापासून नर होतो हे यान झेर्झोन यांनी १८४५ मध्ये मांडले. साठा संपलेली किंवा मीलन न झालेली राणी केवळ नरांचीच अंडी घालते व वसाहत क्षीण होते. कोकणातील सातेरी मधमाशीलाही हाच नियम लागू आहे. म्हणून पेटीत नरांचीच पिलावळ दिसू लागली की पालकाने राणी बदलणे हिताचे असते.

काळ्या बागमुंगीची एक राणी बंदिस्त अवस्थेत सुमारे २८ वर्षे जगल्याची नोंद आहे. मुंग्यांची राणीही आयुष्याच्या आरंभी मिळालेल्या साठ्यावरच वसाहत चालविते. वाळवीत मात्र राजा राणीजवळच राहतो आणि मीलन वेळोवेळी होते.

शुक्राणूंची स्पर्धा

मादीने एकाहून अधिक नरांशी मीलन केल्यास त्यांचे शुक्राणू एकाच साठ्यात येतात व फलनासाठी त्यांच्यात स्पर्धा होते. ही कल्पना जेफ्री पार्कर यांनी १९७० मध्ये मांडली. चतुराच्या कुळातील एका जातीचा नर आधीच्या नराचे शुक्राणू बाहेर काढून मगच स्वतःचे सोडतो, असे जोनाथन वागे यांनी १९७९ मध्ये दाखविले. काही जातींत कोणाचे शुक्राणू वापरायचे यावर मादीच्या शरीराचाही प्रभाव पडतो.

फळमाशी आणि हापूस

आंब्यावरील फळमाशीची (बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस) मादी पक्व होत आलेल्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या गर खातात, फळ गळते आणि अळ्या जमिनीत कोषावस्थेत जातात. १ मे २०१४ पासून युरोपीय संघाने भारतीय आंब्याची आयात थांबविली, त्यामागे फळमाशीचा प्रादुर्भाव हेच प्रमुख कारण होते. ही बंदी उठविण्याचा निर्णय जानेवारी २०१५ मध्ये झाला.

या माशीचे नर मिथिल युजेनॉल या द्रव्याकडे ओढले जातात. हे द्रव्य तुळशीतही असते. सिट्रोनेला तेलाकडे नर माश्या येतात, हे एफ. एम. हॉवलेट यांनी बिहारमधील पुसा येथे १९१२ मध्ये नोंदविले. पुढे मिथिल युजेनॉलचे आकर्षण स्पष्ट झाले. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा 'रक्षक' सापळा याच तत्त्वावर चालतो.

सापळ्यात केवळ नर सापडतात. मादी येत नाही. मीलन झालेल्या मादीच्या शुक्रग्राहिकेत साठा असल्याने, नंतर सारे नर मारले तरी ती अंडी घालीतच राहते. शिवाय एक नर अनेक माद्यांशी मीलन करू शकतो. यावरून तीन गोष्टी निघतात : सापळे फळे पक्व होण्याच्या बऱ्याच आधी लावावे लागतात, शेजारच्या बागेतून मीलन झालेल्या माद्या येत असल्याने एकट्याने सापळे लावून भागत नाही, गावाने मिळून लावावे लागतात, आणि गळलेली फळे गोळा करून खोल पुरणे अपरिहार्य ठरते.

वंध्य नर पद्धतीत शुक्रग्राहिकेचाच उपयोग करून घेतला जातो. किरणोत्साराने वंध्य केलेले नर मोठ्या संख्येने सोडले की माद्या त्यांचे निकामी शुक्राणू साठवितात व त्यांची अंडी उबत नाहीत. जपानच्या ओकिनावा बेटांवरून काकडीवर्गीय पिकांवरील फळमाशी या पद्धतीने १९९३ मध्ये नाहीशी करण्यात आली.

हेही पहा

फळमाशी
मधमाशीपालन
हापूस आंबा
एकात्मिक कीड व्यवस्थापन