जळू आणि धोटा

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत रिंग खात्यात होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतला मोठा संप सुरू झाला तेव्हा वडील शाळेत जात. गेटसभेत वक्ता मालकाला 'जळू' म्हणाला की टाळ्यांचा कडकडाट होई, असे ते सांगतात. आजोबा मात्र टाळी वाजवीत नसत. घरी आल्यावर एकदा म्हणाले, "जळू अंगाला तरी लागते रे!" आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. पण या एका वाक्याचा अर्थ कळायला मला पदवीही पुरली नाही.

आधी शब्दाकडे पाहू. 'जळू' हे संस्कृत 'जलौका'चे मराठी रूप. जलौका म्हणजे पाण्यात घर असलेली. नावात पाणी आहे, रक्त नाही. सुश्रुतसंहितेत जळवांवर स्वतंत्र अध्याय आहे. तिथे जळवांच्या बारा जाती सांगितल्या आहेत, सहा विषारी आणि सहा बिनविषारी. दूषित रक्त काढण्यासाठी वैद्य जळू लावीत. ग्रंथात जळू हा उपचार होता. कष्टकऱ्यांच्या बोलण्यात मात्र ती शिवी झाली, कारण देणे कधीच फिटू न देणारा सावकार त्यांनी पाहिला होता. आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. जळूला कुठल्याही तळ्यात मज्जाव नव्हता. माणसांना मात्र होता, आणि म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांना सत्याग्रह करावा लागला.

मार्क्सने १८६७ साली 'भांडवल'च्या पहिल्या खंडात भांडवलाला रक्त पिणाऱ्या भुताची उपमा दिली. ते युरोपातले भूत आमच्या चाळींत कुणी पाहिले नव्हते. जळू मात्र कोकणातून आणि घाटावरून आलेल्यांच्या पायांना चिखलात लागलेली होती. म्हणून हा शब्द लालबाग-परळला सहज रुजला. 'शोषण' हा शब्द पुस्तकी. त्याच्या मुळाशी 'शुष्' धातू आहे, म्हणजे सुकणे. 'पिळवणूक' म्हटले की ऊस आठवतो. जळू म्हटले की स्वतःचे अंग आठवते. उपमा खोटी नव्हती. जळूच्या लाळेने रक्त गोठत नाही आणि तिचा चावा फारसा दुखत नाही. पाळीमागून पाळी करणाऱ्याचे आयुष्य असेच नकळत निघून जाते.

मग आजोबांची तक्रार काय होती? तिचे उत्तर १९२८ सालात आहे. त्या वर्षी एप्रिल ते ऑक्टोबर या काळात मुंबईच्या सुमारे दीड लाख गिरणी कामगारांनी संप केला. माझे पणजोबा त्यात होते, आणि तेही रिंग खात्यातच. बाबासाहेब तेव्हा परळच्या बीआयटी चाळीत राहत. त्यांनी संपाच्या पुढाऱ्यांना एक अडचणीचा प्रश्न विचारला: जास्त मजुरीच्या साचा खात्यात अस्पृश्यांना प्रवेश का नाही? कारण सर्वांना ठाऊक होते. धोट्यात नवी कांडी घातली की सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. त्याच धोट्याला उद्या दुसऱ्याचे तोंड लागणार. अस्पृश्याची लाळ लागलेला धोटा सवर्ण विणकराला चालत नव्हता.

म्हणजे रक्त शोषणाऱ्या तोंडाविरुद्ध सारे एकत्र लढत होते, आणि सूत कोणाच्या तोंडाने ओढायचे हे जात ठरवीत होती. या दाराशी उभा असलेला पहारेकरी मालक नव्हता. तो शेजारच्या साच्यावरचा, त्याच संपातला भाऊ होता. अशा प्रश्नाने कामगारांत फूट पडते, असे आजही आपल्याला ऐकवले जाते. पण फूट प्रश्नाने पडली नव्हती, ती खात्याच्या दारातच होती. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले, त्यामागे हा अनुभव उभा आहे.

जळूला चिकटल्याशिवाय रक्त पिता येत नाही. जात न शिवता पिते. 'जळू' हा शब्द इथे अपुरा पडतो, आणि आजोबांना तो तसा पडलेला दिसत होता.

पोट भरले की जळू गळून पडते. जखम मात्र नंतरही वाहत राहते. संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. तिथली एक जळू गळाली असे म्हणता येईल. दुसरीचे काय?

जळू सुटत नसेल तर तिच्या तोंडावर सैंधव टाकावे, असे सुश्रुत सांगतो. पण न शिवता पिणाऱ्याचे तोंड आधी शोधावे लागते. १९२८ साली बाबासाहेबांनी ते एका धोट्यावर दाखवून दिले होते.