लेकराच्या औषधपाण्यावर शब्द कुणाचा?

सन २००६ ची गोष्ट. माझा धाकटा दीड वर्षाचा होता. तापाने फणफणला, म्हणून रात्री एका दवाखान्यात नेला. कारकुनाने कागद पुढे केला व म्हणाला, "बाई, वडिलांची सही लागते." यजमान बल्लारपूरला खाणीत रात्रपाळीवर. मी सही करते म्हटले, तर कागद मागे ओढला. पहाटे यजमान आले तेव्हा कुठे औषधपाणी सुरू झाले. मूल बरे झाले, पण ते शब्द मनात रुतून बसले. पुढे विचारपूस करून, वाचून जे कळले ते भगिनींपुढे ठेवते.

देवीच्या साथीत लेकरे पटापट जात त्या काळी, सन १८८० मध्ये, सरकारने देवी टोचण्याचा कायदा केला. तो जेथे लागू होई तेथे मूल टोचून घेणे आईबापांवर बंधनकारक झाले. हुकूम मोडला तर दंड. मात्र मुलगा चौदा वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी आठच वर्षांची होईपर्यंत! आठव्या वर्षापर्यंत पोर बहुधा सासरची झालेली असे, म्हणून हा फरक असावा, असा माझा तर्क आहे.

सन १९५६ च्या हिंदू पालकत्वाच्या कायद्यात पालक प्रथम बाप, 'त्याच्यानंतर' आई. पाच वर्षांच्या आतले मूल मात्र सामान्यतः आईजवळ असावे, असेही त्यातच आहे. मांडी आईची, सही बापाची! लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यावयाचे ठरविले, तेव्हा बापाची सही मागितली गेली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. फेब्रुवारी १९९९ मध्ये निकाल लागला, की 'त्याच्यानंतर' म्हणजे बाप मेल्यावर नव्हे, तो हजर नसतानाही. म्हणजे माझ्या त्या रात्रीच्या सात वर्षे आधीच हे ठरलेले होते.

मुलाची जाणूनबुजून हेळसांड करणाऱ्यास सन २०१५ च्या बालन्याय कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपये दंड, किंवा दोन्हीही होऊ शकतात. पण जंगलातल्या गावी दवाखाना कोसावर, हातात पैसा नाही, आणि ओली बाळंतीण उंबऱ्याबाहेर पडत नाही. तिथे हेळसांड कुणाची म्हणावी?

आपल्या शेजारच्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून काम मांडले. सन १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यदूत केले. त्या बाळाचे वजन घेत, श्वास मोजत. बाळ अत्यवस्थ असेल तर दवाखान्यात न्या म्हणत. आईबाप तयार नसले तर त्यांच्या संमतीने घरीच इंजेक्शन देत. दंड नाही, धाक नाही, विचारून. चार वर्षांच्या आत तेथील नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. १९९९ च्या डिसेंबरात विलायतेच्या 'लॅन्सेट' साप्ताहिकात हे छापून आले. सन २०११ पासून देशभर आशाताई बाळंतिणीच्या घरी फेऱ्या घालतात, त्या याच कामावरून. माझ्या सुनेकडे आलेल्या ताईने बाळाचे वजन केले आणि आधी तिलाच विचारले, "दूध ओढते का ग नीट?"