वेंगुर्ले आणि हिरादो : एका कंपनीच्या दोन वखारी

देवघरातील ताम्हणाचे तांबे कोणत्या खाणीतून आले असेल, हा प्रश्न पूजेच्या वेळी आपल्यापैकी क्वचितच कोणाच्या मनात येत असेल. आमचे वास्तव्य बालाघाट जिल्ह्यातील बिरसा येथे. याच तालुक्यात मलाजखंडची तांब्याची प्रचंड खाण असल्यामुळे हा प्रश्न आम्हांस मात्र अधूनमधून पडतो. त्याचे उत्तर शोधू लागलो म्हणजे वाट थेट समुद्रापार जाते. सतराव्या शतकात हिंदुस्थानच्या बाजारात नाण्यांसाठी व भांड्यांसाठी जे तांबे खपत असे, त्यातील मोठा वाटा जपानचा होता, आणि तो आणणारी होती डच ईस्ट इंडिया कंपनी. या कंपनीची जपानातील पहिली वखार हिरादो नावाच्या लहानशा बंदरात होती. आणि कोकणातील तिची वखार होती आपल्या वेंगुर्ल्यास. या दोन गावांची हकीकत शेजारीशेजारी ठेवून पाहिली असता जे ध्यानात येते, ते वाचकांपुढे मांडण्याचा हा प्रयत्न आहे.

हिरादो हे जपानच्या क्यूशू बेटाच्या वायव्येस असलेले एक छोटे बेट व त्याच नावाचे गाव. तेथील सत्ता मात्सुरा घराण्याची. एइसाई नावाचा बौद्ध भिक्षू ११९१ साली चीनहून परतताना येथेच उतरला, आणि त्याने आणलेले चहाचे बी येथे पेरले गेले, अशी परंपरा आहे. ज्या झेन पंथाचा त्याने जपानात प्रसार केला, त्या पंथाचे नाव म्हणजे आपल्या 'ध्यान' या शब्दाचेच चीनमार्गे पोहोचलेले रूप होय. पुढे १५५० त पोर्तुगीज आले, १६०९ त डचांनी वखार घातली, १६१३ त इंग्रज आले आणि दहा वर्षांत परतले. एवढ्याशा बंदरात इतक्या राष्ट्रांची निशाणे फडकली, याचे कारण एकच : सुरक्षित खाडी आणि व्यापारास अनुकूल असा धनी.

वेंगुर्ल्याचे दैव याहून निराळे नव्हते. गोव्याच्या उत्तरेस, आदिलशाहीच्या मुलुखात, गोड्या पाण्याची व तांदळाची सोय असलेले हे बंदर. डचांस पोर्तुगिजांचा गोवा कोंडावयाचा होता. १६३६ पासून पावसाळा सरला की त्यांची गलबते मांडवीच्या मुखाशी येऊन उभी राहत. त्या आरमारास दाणापाणी पुरविण्यास जवळचे ठाणे हवे होते. आदिलशहासही पोर्तुगिजांवर वचक हवाच होता. येणेप्रमाणे १६३७-३८ च्या सुमारास वेंगुर्ल्याची वखार उभी राहिली. आरमारासाठी घातलेली ही वखार पुढे बातम्यांचे केंद्र झाली. शिवछत्रपतींच्या हालचालींविषयी येथील डचांनी वरिष्ठांस धाडलेली पत्रे आज मराठ्यांच्या इतिहासाचे एक महत्त्वाचे साधन मानली जातात.

योगायोग असा की, ज्या सुमारास वेंगुर्ल्यास वखारीचे काम चालले होते, त्याच सुमारास हिरादोसही डच दगडी कोठारे बांधीत होते. एक १६३७ त झाले, दुसरे १६३९ त. परंतु त्याच वेळी जपानात शिमाबारा येथे शेतकऱ्यांचे बंड झाले होते. बंडखोरांत ख्रिस्ती पुष्कळ होते. शोगुनच्या सांगण्यावरून हिरादोच्या डच प्रमुखाने या बंडखोरांवर आपल्या जहाजाच्या तोफा डागल्या. स्वधर्मीयांवर गोळे टाकताना त्याचा हात अडला नाही. कंपनीचा देव नफा होता, हे यावरून उघड होते. तथापि एवढी सेवा करूनही १६४० त हुकूम सुटला : कोठाराच्या दर्शनी भागावर ख्रिस्ती सन कोरला आहे, सबब कोठार पाडावे. डचांनी एका शब्दाने तक्रार न करता ते पाडले, आणि १६४१ त नागासाकीच्या देजिमा नावाच्या कृत्रिम बेटावर त्यांची रवानगी झाली. हिरादोचे वैभव त्या एका वर्षात संपले.

वेंगुर्ल्याचे वैभव हळूहळू ओसरले. १६४४ त डच-पोर्तुगीज युद्धबंदी झाली. १६६३ त डचांनी कोचीन जिंकले आणि त्यांचे लक्ष मलबाराकडे वळले. १६६४ त शिवाजी महाराजांनी व १६७५ त मोगलांनी हे गाव जाळल्याची नोंद आहे. पुढे ते सावंतवाडीकरांकडे आणि १८१२ त इंग्रजांकडे गेले. आंबोली घाटातून बेळगावचा माल उतरू लागला तेव्हा बंदर पुन्हा गजबजले. पण १८८८ त मुरगावची रेल्वे झाली आणि तो माल तिकडे वळला. १९९८ त कोकण रेल्वे पुरी झाली, तीही वेंगुर्ल्यास बाजूस ठेवून कुडाळ-सावंतवाडीवरून गेली.

बंदराची ही कथा झाली. पण बंदराभोवती गावे असतात, आणि आमच्या मते खरा इतिहास तेथे टिकतो. हिरादोच्या पश्चिमेस कासुगा नावाचे खेडे आहे. डोंगरापासून समुद्रापर्यंत भातशेतीच्या पायऱ्या उतरत गेलेल्या. १६१४ त ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली, तेव्हा येथील शेतकऱ्यांनी आपली उपासना घरातील आतल्या खोलीत नेली. १८७३ त बंदी उठेपर्यंत, म्हणजे अडीचशे वर्षांहून अधिक काळ, ती बापाकडून मुलाकडे गुप्तपणे चालत राहिली. २०१८ त युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून गौरविलेल्या स्थळांत या खेड्याचा समावेश आहे.

हे वाचताना आपल्यास आपले स्मरण झाल्यावाचून राहील काय? १५६० च्या सुमारास कुठ्ठाळीचा श्रीमंगेश नदी ओलांडून प्रियोळास आला, केळोशीची श्रीशांतादुर्गा कवळ्यास आली. तेथे ख्रिस्ती धर्म सत्तेच्या भयाने लपला. येथे त्याच धर्माच्या सत्तेच्या भयाने आपले देव रातोरात हलले. छळणारा व छळला जाणारा यांची नावे बदलली, पण माणसाने केले ते एकच : जे प्रिय ते उचलले आणि सत्तेचा हात पोहोचणार नाही अशा ठिकाणी सांभाळले. कासुगाच्या शेतकऱ्याचे दुःख सर्वांत आधी कळावे ते आपल्यास, असे आम्हांस वाटते.

डच कंपनीशी आपल्या लोकांचा आणखी एक संबंध आहे. कोचीनच्या डच गव्हर्नराने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा जो ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅममध्ये छापविला, त्यास रंगभट, विनायक पंडित व आपुभट या तीन कोकणी वैद्यांनी साहाय्य केले. त्यांचे १६७५ चे कोकणी निवेदन त्यात नागरी अक्षरांत छापलेले आहे. गोव्याबाहेर पडलेला समाज आपली विद्या व भाषा बरोबर नेतो, याचा याहून स्पष्ट दाखला कोणता?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. हिरादोकरांनी १६३९ चे ते पाडलेले कोठार २०११ त पुन्हा उभे केले. जमीन खणून जुना पाया शोधला, हॉलंडच्या दप्तरातील हिशेबवह्या वाचून सामानाचा मेळ घातला, आणि त्याच जागी तशीच इमारत बांधली. जे पाडले गेले ते त्यांनी उभारले. वेंगुर्ल्याची वखार कोणी हुकूम काढून पाडली नाही. महाराष्ट्र शासनाने तिला संरक्षित स्मारक ठरविले; १९६० चा कायदा तिच्या पाठीशी आहे. तरीही छप्पर गेले, भिंतींत झाडे रुजली.

कायद्याच्या व्यवसायात आम्ही दस्त आणि वहिवाट यांतला भेद रोज पाहतो. दस्त कितीही पक्का असो, वहिवाट नसेल तर मालकी केवळ कागदावर राहते. भिंतीस हात लावू नका, इतकेच कायदा सांगू शकतो. ती भिंत आपली आहे हे म्हणणे गावाचे काम आहे. श्रीशांतादुर्गेचे मूळ स्थान गेले तरी साडेचारशे वर्षे 'केळोशी' हे नाव आपण विसरलो नाही. कारण उत्सव, पालखी आणि महाजनकी यांच्या रूपाने ती वहिवाट अखंड राहिली. हीच निष्ठा थोडी वखारीच्या वाट्यास येण्यास काय हरकत आहे? हेगच्या दप्तरखान्यातील वेंगुर्ल्याची पत्रे मराठीत आणावीत, ती शाळेतील मुलांच्या हाती पडावीत, देवस्थानांनी आपले जुने कागद त्यांच्या शेजारी ठेवावेत. भिंती मग कोणाच्या तरी होतील. आणि जे कोणाचे तरी असते, तेच टिकते.