बीडची माती आणि पूर्वसमुद्राचा तळ

बीड जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. त्यामुळे सागरतळाच्या सर्वेक्षणाचा विषय या जिल्ह्याच्या संदर्भात काढला तर वाचकांना नवल वाटेल. परंतु नकाशा उघडून नद्यांच्या मागोमाग बोट फिरवावे, म्हणजे उलगडा होतो. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. बीड शहराचे पाणी घेऊन बिंदुसरा सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा गोदावरीला. पाटोद्याच्या बाजूला बालाघाटाच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा दक्षिणेची हद्द राखीत पुढे जाते व दूरवर जाऊन तीही गोदावरीतच शिरते. आष्टीकडचे पाणी तेवढे सीनेवाटे भीमेला आणि भीमेतून कृष्णेला जाते. म्हणजे बीडच्या शिवारात पडलेला पाऊस वाफ होऊन उडाला नाही, जमिनीत मुरला नाही वा धरणात अडला नाही, तर त्याचे अखेरचे ठिकाण बंगालचा उपसागर हेच. पाणी एकटे जात नाही; ते माती घेऊन जाते. हजारो वर्षे वाहून गेलेली ही माती आंध्र किनाऱ्यासमोर समुद्राच्या तळाशी थरावर थर रचून बसलेली आहे.

हे थर वाचण्याचा उद्योग आपल्या देशात फार जुना नाही. १९५० च्या दशकात वाल्टेअरच्या आंध्र विद्यापीठाने पूर्व किनाऱ्यासमोरील तळाच्या मातीचे नमुने गोळा करून त्यांचा पद्धतशीर अभ्यास आरंभिला. त्यात पुढाकार घेणारे प्रा. सी. महादेवन हे त्यापूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील भूगर्भ खात्यात काम केलेले गृहस्थ. बीड जिल्हा १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होता. दख्खनच्या खडकांशी परिचय असलेला मनुष्य पुढे त्या खडकांचा चुरा जेथे जाऊन पडतो त्या समुद्रतळाकडे वळला, हा योगायोग आम्हाला मोठा गोड वाटतो. पुढे आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेनंतर, १९६६ साली, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था स्थापन झाली आणि गोव्यात दोनापावल येथे तिने बस्तान बसविले.

तळाची माती वर काढण्याच्या रीती दोन. पहिली सोपी: दोन जबड्यांचे पोलादी भांडे दोरखंडाने खाली सोडायचे, तळाला टेकताच जबडे मिटतात आणि पृष्ठावरची मूठभर माती वर येते. तीवरून आजचा तळ कळतो, कालचा नव्हे. कालचा तळ पाहायचा तर दुसरी रीत हवी. लांब पोकळ नळी गाळात उभी घुसवायची आणि आतला गाळ थर न विस्कटता अखंड वर आणायचा. जहाजावर नळीचे दीड-दीड मीटरांचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा उभा चिरतात. एक अर्ध अभ्यासाला घेतात. दुसरे न हाताळता जतन करून ठेवतात, पुढच्या पिढीला अधिक चांगली साधने मिळाली तर तिला पुन्हा पाहता यावे म्हणून.

या नळीचा अर्थ लावण्याचे मूलतत्त्व आपल्या श्रद्धेच्या एका बांधवाने सांगितले, हे येथे आवर्जून नमूद करावेसे वाटते. डेन्मार्कमधील निकोलस स्टेनो हे शरीररचनेचे अभ्यासक. १६६६ साली फ्लॉरेन्स येथे एका प्रचंड शार्क माशाचे डोके त्यांच्यापुढे तपासणीला आले. त्याचे दात आणि डोंगरातील खडकांत सापडणारे दातांच्या आकाराचे दगड यांतील साम्याने त्यांना विचारात पाडले. १६६९ च्या आपल्या ग्रंथात त्यांनी मांडले की गाळाचे थर पाण्यातून खाली बसत जातात, म्हणून खालचा थर जुना व वरचा नवा. मध्यंतरी १६६७ साली ते कॅथलिक झाले होते. पुढे धर्मगुरू आणि बिशप झाले. १९८८ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. धर्म आणि विज्ञान यांच्या वैराच्या कथा ज्यांना फार प्रिय असतात, त्यांना हे नाव सहसा ठाऊक नसते.

आता आपल्या मूळ विषयाकडे. २००६ साली एप्रिल ते ऑगस्ट या काळात भारताच्या वायू-हायड्रेट कार्यक्रमाची पहिली मोठी मोहीम निघाली. ‘जॉइडिस रेझोल्यूशन’ या छिद्रणजहाजाने भारताच्या समुद्रांत २१ ठिकाणी तळाला छिद्रे पाडली. शोध होता तो इंधनाचा: खोल समुद्रातील थंडी आणि दाब यांमुळे बर्फासारख्या घनरूपात अडकून राहिलेल्या मिथेन वायूचा. कृष्णा-गोदावरी खोऱ्यासमोर तो सापडलाही. परंतु वायूच्या शोधात वर आलेल्या नळ्यांपैकी एक इतिहासाच्या कामी आली. गोदावरीच्या मुखासमोर बाराशे मीटरहून अधिक खोल पाण्याखालून काढलेल्या या नळीत गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांचा साडेआठ मीटर गाळ होता. अमेरिकेतील वुड्स होल समुद्रविज्ञान संस्थेचे लिव्यू जोसान, कामिलो पाँटोन व त्यांचे सहकारी यांनी त्याचा अभ्यास केला व निष्कर्ष २०१२ आणि २०१७ साली प्रसिद्ध केले.

त्यांनी पाहिले ते पानांवरील मेण. झाडाच्या पानावर मेणाचा पातळ थर असतो. तो मातीबरोबर वाहत जाऊन समुद्रात हजारो वर्षे टिकतो. वृक्षांच्या मेणातील कार्बन आणि कोरड्या, उष्ण प्रदेशातील गवतांच्या मेणातील कार्बन यांत समस्थानिकांच्या प्रमाणाचा फरक असतो. (आपली ज्वारी, बाजरी आणि ऊसही या दृष्टीने दुसऱ्या गटातले.) थरागणिक हे प्रमाण मोजले असता दिसले ते असे: सुमारे ४००० वर्षांपूर्वीपासून गोदावरीच्या खोऱ्यात कोरडेपणा सोसणाऱ्या वनस्पती हळूहळू वाढत गेल्या आणि सुमारे १७०० वर्षांपूर्वी हा कल आणखी तीव्र झाला. मराठवाड्याचा अवर्षणाचा शाप १९७२ चा नाही, निजामाच्या राजवटीचाही नाही. तो फार जुना आहे.

पुराणवस्तुशास्त्राशी हे ताडून पाहता येते. प्रवरेकाठचे दायमाबाद हे ताम्रपाषाणयुगातले मोठे गाव. प्रवरा पुढे गोदावरीलाच मिळते. इ. स. पूर्व १००० च्या सुमारास ते ओस पडले. घोड नदीवरील इनामगाव कृष्णेच्या खोऱ्यातले, पण हवामान त्याच दुष्काळी पट्ट्यातले. तेथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात पाण्यासाठी काढलेला चर व बांध सापडला. अखेरच्या काळात तेथील चौकोनी घरांची जागा लहान गोल झोपड्यांनी घेतली आणि इ. स. पूर्व ७०० च्या सुमारास तीही वस्ती उठली. यामागे वाढते अवर्षण असावे, हे मत डॉ. म. के. ढवळीकर यांनी समुद्रातली ती नळी वर येण्याच्या कितीतरी आधी मांडले होते. सातवाहनांच्या अस्ताची वेळही दुसऱ्या, तीव्र कोरड्या काळाच्या आसपास येते. त्यांचे पैठण तर बीडच्या सीमेपासून अगदी जवळ. तथापि दोन घटना शेजारी दिसल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. राज्ये बुडण्यास पावसाखेरीज पुष्कळ कारणे असतात.

अधिक अस्वस्थ करणारा निष्कर्ष २०१७ चा आहे. दख्खनचा काळा खडक सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा. गोदावरीच्या खालच्या खोऱ्यातील खडक शेकडो कोटी वर्षांचे. दोहोंत नियोडिमियम या धातूच्या समस्थानिकांचे प्रमाण वेगळे असते, त्यामुळे गाळ कोठून आला हे सांगता येते. कोरड्या काळाबरोबर समुद्रात येणारी माती कमी व्हावी, असे कोणालाही वाटेल. पाऊसच कमी तर वाहून काय जाणार? झाले उलटे. माती वाढली, आणि त्यात दख्खनच्या मातीचा वाटा वाढला. झाडोरा विरळ झाला, जमीन उघडी पडली, आणि जो काही पाऊस मोसमात कोसळला त्याने ती खरवडून नेली. पुढे शेती पसरली, लोहयुगात नांगराखाली अधिक रान आले, तशी ही धूप आणखी वाढली. दोष निसर्गाचा किती आणि माणसाचा किती, याची वाटणी करणे सोपे नाही. आमच्या मते आरंभ निसर्गाने केला आणि त्याला हातभार आपण लावला.

नळीतल्या मातीवर गावाचे नाव नसते. ती गेवराईची की नांदेडची, हे कोणी सांगू शकणार नाही. परंतु बालाघाटाच्या उतारांवर मुरूम उघडा पडलेला ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा वृत्तान्त परका वाटू नये. दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयते घेऊन कारखान्यांच्या वाटेला लागणारी बीडची कुटुंबे पावसाअभावी बाहेर पडतात, असे आपण म्हणतो. ते खरेच आहे. पण पाऊस धरून ठेवील एवढी माती शेतात उरली नाही, हेही त्यामागे आहे. औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला तेव्हापासून बीड त्यात आहे. तेथील आपल्या बांधवांपैकी कोरडवाहू शेतीवर पोट असणाऱ्यांना हे सांगावे लागत नाही.

शेजारच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी हीच गाठ नेमकी ओळखली होती. त्यांनी आणि क्रिस्पिनो लोबो यांनी १९९३ साली ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ उभारला. डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत समतल चर, नालाबांध, झाडोरा आणि गावाने स्वतः पाळलेली चराईबंदी, असा त्यांचा क्रम. संगमनेर तालुक्यातील दरेवाडीत त्याचे फळ दिसले. पाणी अडवण्याच्या कामाची वाखाणणी पुष्कळ झाली. माती अडवण्याची मात्र त्या मानाने कमीच झाली.

आता गोदावरीच्या मुखाशी चित्र पुन्हा पालटले आहे. पैठणचे जायकवाडी धरण १९७६ साली पुरे झाले, सिंदफणेवर माजलगावचे झाले, खोऱ्यात इतरत्र आणखी कितीतरी. वाहत आलेली माती आता या जलाशयांच्या तळाशी बसते. १९७० च्या दशकात गोदावरी जेवढा गाळ समुद्राला नेत होती, त्याच्या निम्म्याहूनही कमी गाळ १९९० च्या दशकात पोहोचू लागला, आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी समुद्र खाऊ लागला. इकडे महाराष्ट्र शासनाने २०१७ साली धरणांतील गाळ काढून शेतात टाकण्याची योजना आरंभली. उन्हाळ्यात तलाव आटला की शेतकरी ट्रॅक्टर घेऊन त्यात उतरतात आणि काळा गाळ भरून पुन्हा वरच्या मुरमाड रानात नेऊन पसरतात.