मिनिकॉय : वाटेवरचं बेट

फौजेत नकाशा वाचायला शिकवतात तेव्हा आधी एकच गोष्ट पाहायला सांगतात: हे ठिकाण कोणत्या वाटेवर आहे? आज त्याच नजरेने लक्षद्वीपमधलं मिनिकॉय पाहू.

कोचीपासून सुमारे ४०० किलोमीटरवर, लक्षद्वीपच्या दक्षिण टोकाला हे बेट आहे. आकार चंद्रकोरीसारखा, क्षेत्रफळ जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर. उत्तरेला नाइन डिग्री चॅनेल, दक्षिणेला एट डिग्री चॅनेल आणि त्यापलीकडे मालदीव. म्हणूनच इथली भाषा मलयाळम नव्हे, तर मालदीवच्या धिवेहीची बहीण, महल. तिची थाना लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात.

बेटावर सत्ता मात्र कण्णूरच्या अली राजांची होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ती इंग्रजांकडे गेली. पण इंग्रजांचा दीप त्याआधीच इथे पेटला होता. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला, पूर्वेकडची जहाजं या भागातून जाऊ लागली, आणि प्रवाळाच्या सखल बेटांवर आपटून फुटूही लागली. म्हणून १८८५ मध्ये इथे दीपगृह उभं राहिलं. गंमत पाहा, देश १९४७ ला स्वतंत्र झाला, पण हे दीपगृह आपल्या हाती आलं ते १९५६ मध्ये.

आता बेटावरची माणसं. इथे लग्नानंतर नवरा बायकोच्या घरी जातो. प्रत्येक गावाचा एक प्रमुख असतो, त्याला बोडुकाका म्हणतात. बायकांची प्रमुख वेगळी. पुरुष पिढ्यान् पिढ्या व्यापारी जहाजांवर खलाशी म्हणून जगभर फिरतात, त्यामुळे घर आणि गाव बायकाच सांभाळतात.

जे मागे राहतात ते ट्युना धरतात, तेही जाळ्याशिवाय. आधी खाजणात, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआतल्या उथळ पाण्यात, बारीक मासळी जिवंत पकडून होडीतल्या पाण्यात ठेवायची. खुल्या समुद्रात ट्युनाचा थवा दिसला की ती मूठमूठ फेकायची आणि वरून पाण्याचे फवारे उडवायचे. थवा खवळला की बांबूच्या काठीला बांधलेल्या गळाने एकेक मासा उचलून होडीत टाकायचा. गळाला उलटा दात नसतो, त्यामुळे मासा आपोआप सुटतो. मग तो उकडून, धुरावर धरून, उन्हात वाळवला की झाला 'मासमीन'. लाकडासारखा कडक, महिनोन् महिने टिकणारा. बर्फ नसलेल्या काळातली ही रसद होती.

मार्च २०२४ मध्ये नौदलाचा 'आयएनएस जटायू' हा तळ इथे सुरू झाला. वाट पाहता तो हवाच होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण या साखळीची पहिली कडी नीट पाहा. प्रवाळ नाही तर बारीक मासळी नाही, ती नाही तर ट्युना नाही. आणि १९९८, २०१०, २०१६ मध्ये समुद्र तापून लक्षद्वीपचं प्रवाळ पांढरं पडलं. हेच प्रवाळ बेटाला लाटांपासूनही वाचवतं.

सीमेवर एक गोष्ट मी शिकलो. ज्या गावात चुली पेटतात, तिथली चौकी भक्कम असते. गाव ओस पडलं की उरतो नुसता खांब. मिनिकॉयची चूल खाजणावर पेटते. तळ बांधताना, जेटी वाढवताना, पर्यटक नेताना ते खाजण राखणं हाही संरक्षणाचाच भाग आहे.

जय हिंद.