वही कोणाच्या हाती?

भीमपूरच्या आमच्या जुन्या घरात एक लाकडी पेटी आहे. तीत वडिलांच्या रोजकीर्दीच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या आहेत. शेती कोरडवाहू कापसाची, उत्पन्न वर्षातून एकदाच हाती येणारे; तरीही दिवेलागणीनंतर डाव्या अंगास जमा आणि उजव्या अंगास नावे लिहिल्यावाचून ते जेवत नसत. दोन आण्यांची सुपारीही त्यातून सुटली नाही. लहानपणी आम्हांस तो कंजूषपणा वाटे. पुढे शासकीय सेवेत आयुष्य काढताना दप्तराचे मोल कळले. पण त्या घरगुती वहीचा खरा अर्थ मला अगदी अलीकडे उमगला.

निमित्त झाले माझ्या पुतण्याचे. हैदराबादेस चांगल्या नोकरीत असलेला हा मुलगा दिवाळीला घरी आला, तो काळवंडलेल्या चेहऱ्याने. तीन क्रेडिट कार्डांचे देणे डोक्यावर होते. तो म्हणाला, "काका, पगार येतो हे कळतं; जातो कुठे ते कळत नाही." हे वाक्य मी यापूर्वी वेगळ्या शब्दांत, वेगळ्या माणसांच्या तोंडून अनेकदा ऐकले होते. ते आपल्या इतिहासातही फार जुने आहे.

कर्जाच्या वहीशी आपल्या समाजाने दोन गोष्टी केल्याचे सर्वांस ठाऊक आहे. पहिली देहूची. तुकोबांच्या घरी सावकारी होती. दुष्काळानंतर त्यांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, असे परंपरा सांगते. ते धनकोचे औदार्य होते; असे धनको शतकातून एखादाच जन्मतो. दुसरी गोष्ट सुप्याची. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील भीमथडी तालुक्यातल्या सुपे गावी बाजारात जमलेल्या कुणब्यांनी सावकारांची घरे-दुकाने गाठली. पुढे हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. त्या दंग्यांत लक्षात राहण्याजोगी बाब अशी, की लोकांचा मुख्य रोख माणसांवर नव्हता, कागदांवर होता. सावकाराने रोखे आणि वह्या निमूट हवाली केल्या, तर बहुधा त्यास इजा होत नसे.

कागदावर एवढा राग का? याचे उत्तर जमाखर्चातच आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, कापसाचा भाव चढला आणि कर्ज मुबलक मिळू लागले. युद्ध संपले, भाव कोसळले. त्यातच सरकारने शेतसाऱ्याची नवी, चढी आकारणी केली. शिवाय १८५९ च्या मुदतीच्या कायद्यान्वये साध्या रोख्याची दाद तीन वर्षांतच मागता येई. कायद्याचा हेतू रयतेच्या हिताचा होता. घडले उलटेच. मुदत सरण्यापूर्वी सावकार नवा रोखा लिहून घेई आणि साचलेले व्याज त्यात मुद्दल म्हणून दाखल करी. दरमहा शेकडा दोन रुपये व्याज धरले, तर शंभर रुपयांचे तीन वर्षांत १७२ होतात. १७२ चे नवे मुद्दल धरून आणखी तीन वर्षे गेली की २९५ रुपयांच्या वर. शेतकऱ्याच्या हाती मात्र शंभरच पडलेले. अधूनमधून घातलेले धान्य, दिलेला कापूस वहीत कोठे जमा झाला, हे त्यास कळण्याचा मार्ग नव्हता. कारण वही एकच होती आणि ती समोरच्याच्या हाती होती.

दंग्यांनंतर चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. त्याने न्यायाधीशास रोख्याच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराचा मूळापासून हिशेब तपासण्याचा अधिकार दिला; मुद्दल व व्याज वेगळे मांडावयास लावले; थकलेले व्याज मुद्दलाहून अधिक होऊ नये, हा दामदुपटीचा जुना दंडक कायद्यात आणला. हे सर्व ग्रंथांतून वाचावयास मिळते. मला मात्र त्यातील एक कमी चर्चिलेले प्रकरण महत्त्वाचे वाटते. शेतकऱ्यास प्रत्येक भरण्याची लेखी पावती, वर्षातून एकदा हिशेबाचा उतारा आणि मागितल्यास स्वतःचे खातेपुस्तक मिळण्याचा हक्क त्या कायद्याने दिला, आणि तो नाकारणाऱ्यास दंड ठेवला. म्हणजे वही बुडविण्याची वा जाळण्याची गरजच नको. तिची एक प्रत ऋणकोच्या हाती असावी. विचार उत्तम होता. उणीव एवढीच, की ज्याच्या हाती ती प्रत पडणार त्यास अक्षर येत नव्हते.

पैनगंगेच्या अलीकडे, आमच्या बाजूस, निजामाचे राज्य होते; तो कायदा इकडे लागू नव्हता. येथे तर भाषेचेच तीन पदर. माणूस बोले गोंडी, कोलामी वा मराठी. कचेरीचा कारभार उर्दूत. आणि सावकाराचे खाते त्याच्या लिपीत. आदिवासींच्या हातून जमिनी गेल्या, त्याला जंगलखात्याची बंधने कारण होती, तशी ही न वाचता येणारी कागदपत्रेही. १९४० मध्ये जोडेघाट येथे कुमरम भीम मारला गेला. त्या असंतोषाची कारणे समजून घेण्यासाठी हैदराबाद सरकारने ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या अभ्यासाचा आधार घेतला. त्यांच्या सूचनांतून जमीनवाटप झाले, तसेच १९४३ मध्ये मार्लवाई येथे गोंड शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. तेथील गोंडी वाचनपाठ देवनागरी लिपीत होते. आपले सेतुमाधवराव पगडी हेही हैदराबादच्या मुलकी सेवेतले; आदिलाबाद जिल्ह्यात असताना त्यांनी गोंडी आत्मसात केली आणि गोंडांवर लिहिले. एका अधिकाऱ्याने रयतेची भाषा शिकावी, ही गोष्ट मला नोकरीच्या काळात नेहमी आधार देत आली. पावती वाचता येणे हे जमीन राखण्याचे साधन आहे, हे त्या पिढीने ओळखले होते.

स्वातंत्र्यानंतर रिझर्व्ह बँकेने केलेली ग्रामीण पतपुरवठ्याची पाहणी १९५४ मध्ये प्रसिद्ध झाली. शेतकऱ्यांच्या कर्जांत सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के होता. सावकारांचा सत्तर टक्क्यांच्या जवळपास. पुढे सहकार वाढला, बँका खेड्यांत आल्या, बचत गटांच्या बायकांनी स्वतःच्या हाताने हिशेब लिहावयास प्रारंभ केला. तरीही २०१० मध्ये अविभाजित आंध्र प्रदेशात सूक्ष्मकर्जांचा प्रश्न एवढा चिघळला, की सरकारला ऑक्टोबरात अध्यादेश काढावा लागला. एका घरावर तीन-चार ठिकाणची कर्जे. एकाचा हप्ता दुसऱ्याच्या उचलीतून. सुप्याचाच नवा रोखा, फक्त मुदत तीन वर्षांऐवजी आठवड्याची.

आता पुतण्याकडे वळतो. त्याचे कार्डाचे उतारे मी चष्मा पुसून वाचले. नमुन्यादाखल एक हिशेब सांगतो. बाकी पन्नास हजार, व्याज दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे १,७५० रुपये. त्यावर अठरा टक्के वस्तू व सेवा कर, ३१५ रुपये. 'किमान देय रक्कम' पाच टक्के धरली तर २,५०० रुपये. ती भरली की मुलगा निर्धास्त. प्रत्यक्षात मुद्दल फिटले ४३५ रुपयांनी, आणि तेही त्या महिन्यात नवी खरेदी केली नाही तर! किमान रक्कमच भरत राहिल्यास फेड वर्षानुवर्षे लांबेल, असा इशारा उताऱ्यावर छापण्याचे बंधन रिझर्व्ह बँकेने घातले आहे. १८७९ च्या त्या प्रकरणाचाच हा वारसा. फरक असा, की आता ऋणको पदवीधर आहे. त्यास अक्षर येते. तो वाचत नाही.

मी उपदेश केला नाही. पेटीतली एक वही त्याच्यापुढे ठेवली आणि बाजारातून एक कोरी आणून दिली. तीन महिने फक्त लिही, म्हटले. काही सोडू नकोस, काही लपवू नकोस. पहिल्याच महिनाअखेरीस त्याचा फोन आला. बाहेरच्या जेवणाचा आणि न वापरलेल्या वर्गण्यांचा आकडा पाहून तो स्वतःच वरमला होता. सर्वांत चढ्या व्याजाचे कार्ड आधी, हा क्रम त्यानेच ठरविला. दोन कार्डांचे देणे फिटले. तिसरे चालू आहे. कार्डे त्याने कात्रीने कापली नाहीत, हे मला विशेष आवडले. कागद नष्ट करण्याची हौस आपल्यास फार. लिहिण्याचा कंटाळा त्याहून फार.

दुष्काळ, कोसळलेले भाव, आजारपण यांनी आलेले कर्ज नुसत्या वहीने फिटत नाही, हे मी जाणतो. विदर्भाच्या आणि आमच्या कापूसपट्ट्यात ज्या घरांतला कर्ता माणूस गेला, त्यांना हिशेब शिकविण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु आपण काय घेतले आणि काय दिले, याची स्वतःच्या अक्षरातील नोंद ज्याच्यापाशी आहे, त्याला निदान समोरच्याच्या वहीवर विसंबावे लागत नाही.

वडिलांच्या शेवटच्या वहीत शेवटची नोंद औषधाची आहे. त्याखाली त्यांच्या थरथरत्या अक्षरात दोनच शब्द आहेत : देणे नाही. आम्हां भावंडांना वाटणीत आलेली सर्वांत मोठी मिळकत तीच, असे आता वाटते.